"बघून कोन आलं?"

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेश झाला की आजाऱ्यांची यादी वाचली जाते. ती मी वाचतो, कारण मी मंडळीचा सेक्रेटरी आहे. यादी संपली की मी म्हणतो, "या सर्वांसाठी आपण प्रार्थना करू या," आणि सगळी मंडळी माना खाली घालते. तिसऱ्या बाकावरचा एक माणूस मात्र त्याच वेळी उठून उभा राहतो आणि खणखणीत आवाजात विचारतो, "बघून कोन आलं?"

हे इसाकमामा साळवे. गेली पाच-सहा वर्षं प्रश्न एकच, शब्दही तेच. नवे पाळकसाहेब आले तेव्हा पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, ही इथल्या उपासनेचीच काही पद्धत असेल. त्यांनी मोठ्या गांभीर्यानं "आमेन" म्हटलं.

माझा मामांवर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. आठवडाभर मी चिठ्ठ्या गोळा करायच्या, नावं टाइप करायची, इस्त्रीचा शर्ट घालून वाचायला उभं राहायचं, आणि या माणसानं भर उपासनेत माझी उलटतपासणी घ्यायची. बघून मी कधीच आलेलो नसायचो. मी यादी वाचायचो. माझं काम तेवढंच, अशी माझी समजूत होती.

मामा वीज बोर्डातले निवृत्त वायरमन. वय पंच्याहत्तरच्या आसपास, अंगानं वाळकुडे. खाकी पँट, पायाशी सायकलची क्लिप, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. नोकरीची बत्तीस वर्षं त्यांनी श्रीरामपूरच्या आसपासचे खांब चढण्यात घालवली. त्यामुळे प्रार्थनेबद्दलचं त्यांचं मतही खांबावरूनच आलेलं होतं. "तक्रार वहीत लिवली म्हंजी लाईट येती व्हय?" ते विचारायचे. "कुनीतरी खांबावर चढावं लागतं. तुमी नुसती वही भरताय."

आमचे एक वडीलधारे पंच फार लांब आणि फार सुंदर प्रार्थना करतात. एकदा त्यांनी डोळे मिटून सुरू केलं, "हे प्रभू, तुझी ही दासी कोणत्या यातनेतून जात आहे ते तू जाणतोस." मागून मामा म्हणाले, "त्यो जानतोच. तुमी जानता का? कंचा पाय मोडलाय तिचा, डावा का उजवा?" पंचांनी डोळे उघडले. थोडा विचार करून ते उजवा म्हणाले. बाईंचा हात मोडला होता.

मंडळीच्या तरुणांनी मोबाईलवर ग्रुप काढला. कुणी आजारी पडलं की त्यावर जोडलेल्या हातांची चित्रं येतात. मामांकडे साधा बटणांचा फोन आहे, पण कुणीतरी त्यांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक चित्र मोजलं. "चाळीस हात जोडल्यात," ते म्हणाले, "पन डबा घिऊन एकबी गेला न्हाई."

नाताळच्या आधी आम्ही ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, ब्लँकेटं वाटायला जातो. एका वर्षी तिथं मामांचा पारा असा चढला की आम्ही निघालो तरी ते टेम्पोत बसेनात. बॅनर धरायला दोघं, फोटोला एक, वाटायला एक. आणि ब्लँकेट घेणाऱ्या एका बाईचा हात कोयता लागून सुजलाय, हे कुणालाच दिसलं नाही, म्हणून ते आमच्यावर भडकले होते. आम्ही परत आलो. मामा त्या बाईला दवाखान्यात नेऊन, पट्टी करून, पायी घरी आले. फोटोत त्यांची फक्त पाठ आली आहे.

तर गेल्या वर्षी कमिटीनं ठराव केला की आजाऱ्यांची यादी छोटी करायची. उपासना आता मोबाईलवर थेट दाखवली जाते आणि यादी सुरू झाली की बघणारे निघून जातात, अशी पाळकसाहेबांची तक्रार होती. ते तरुण आहेत, तळमळीचे आहेत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. जी नावं सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत आहेत ती काढायची आणि शेवटी "दीर्घकाळ आजारी असलेले सर्व बंधुभगिनी" असं एकदाच म्हणायचं ठरलं. मीच चार नावं काढली. कॉम्प्युटरवर अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

रविवारी मी नवी यादी वाचली. मामा उठले, पण नेहमीचा प्रश्न आला नाही. ते म्हणाले, "चार मानसं कमी हायत."

मी सांगितलं, कमिटीचा ठराव झालाय.

"बरी झाली का?"

मी नाही म्हटलं.

"मेली का?"

मी पुन्हा नाही म्हटलं.

"मग कुनी काढलं त्यास्नी मंडळीतनं?"

कॅमेरा चालू होता. पाळकसाहेब म्हणाले, मामा, हे आपण उपासनेनंतर बोलू. मामांनी गीतपुस्तक बाकावर ठेवलं आणि ते बाहेर निघून गेले. आशीर्वाद व्हायच्या आत चर्चमधून उठून गेलेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कमिटी चिडली, मीही चिडलो. उपासनेत व्यत्यय आणू नये, अन्यथा मंडळीला योग्य तो निर्णय घ्यावा लागेल, असं पत्र तयार झालं. ते नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि खरं सांगतो, मी ते आनंदानं घेतलं. बुधवारी दुपारी पत्र खिशात घालून मी स्कूटर काढली. मामा घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, बुधवारचे ते सगुणाबाईकडे असतात, पाटाच्या कडेला.

सगुणाबाई म्हणजे मी काढलेल्या चार नावांतलं एक. खुबा मोडल्यापासून दोन वर्षं खाटेवर. मुलगा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा येणारा. शेजारचं एक शेतकरी कुटुंब तिला दोन वेळचं जेवण देतं. हे सगळं मला यादीमुळे माहीत होतं. घर मात्र मला विचारत विचारत शोधावं लागलं.

दार उघडं होतं. मामा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. म्हातारीचा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि ते तिची नखं कापत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"रविवारी माजं नाव घेतलं का, दादा?" तिनं विचारलं.

"घेतलं की," मामा म्हणाले. "दुसऱ्या नंबरालाच हुतं."

"कुनी वाचलं?"

"सेक्रेटरीनं. त्याला धड वाचाय येत न्हाई, पन तुजं नाव बराबर घेतलं. समदी मंडळी उभी ऱ्हायली हुती."

म्हातारी छताकडं बघत म्हणाली, "नाव घेत्यात त्ये बरं हाय. न्हाईतर मी अजून हाय, ह्ये कुनाला ठावं?"

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मामांनी मान वळवली. मी कोण ते त्यांनी तिला सांगितलं, आणि त्या बाईनं उशीवरून मान उचलून मला हात जोडले. दर रविवारी नाव वाचता, लई उपकार, म्हणाली.

नखं कापून झाल्यावर मामा हात धुऊन बाहेर आले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळू बोलले, आणि ते जास्त लागलं.

"सेक्रेटरी, बत्तीस वर्सं नोकरी केली. मिटली नसताना तक्रार मिटली, असं वहीत कदी लिवलं न्हाई. सायब लोकांनी सांगितलं तरी न्हाई. आज तुमच्यापायी त्या म्हातारीसंगं खोटं बोललो."

पत्र मी दिलं नाही. कमिटीला सांगितलं की मामा घरी भेटले नाहीत, आणि ते खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी चारही नावं वाचली, सगळ्यात आधी. कमिटीतले दोघे माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मामा उठले आणि त्यांनी विचारलं, "बघून कोन आलं?" मी म्हणालो, सगुणाबाईला मी बघून आलो. मामा खाली बसले. त्यांना असं बसलेलं पाहून मंडळी इतकी गोंधळली की प्रार्थना सुरू व्हायला वेळ लागला.

पाळकसाहेबांनी मला नंतर पत्ता विचारला. गुरुवारी ते सगुणाबाईला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला गेले. मामांनी त्यातही खोट काढलीच. भर दुपारी गेले, तिच्या झोपेची वेळ असते, कुणाला विचारून जायची पद्धत नाही, म्हणाले. ठराव अजून रद्द झालेला नाही. मी तो पाळत नाही, इतकंच.

आता जमेल त्या बुधवारी मी मामांबरोबर जातो. ते सायकलवर, मी स्कूटरवर, त्यांच्या वेगानं. वाटभर ते तक्रार करत असतात: स्कूटरचा धूर, चर्चमधली प्लॅस्टिकची फुलं, लांबलेला उपदेश. एका बुधवारी पाटाच्या पुलावर त्यांची सायकलची चेन पडली. ते ती बसवत होते, मी शेजारी उभा होतो. सहज विचारलं, हे असं बघायला जाणं कधीपासून सुरू केलं?

"लेआ गेल्यावर," ते म्हणाले.

लेआबाई म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षं अंथरुणावर होती. मामांचं घर चर्चच्या अगदी मागं आहे, मधे एक भिंत.

"तिला खाटंवर समदं ऐकू यायचं, तुमच्या लाऊडस्पीकरवर," मामा चेनीकडं बघतच सांगत होते. "तिचं नाव वाचलं की म्हनायची, आज कोनतरी यील. मला म्हनायची, वेनी घालून द्या. मी अर्धा लिटर दूध जास्तीचं आनून ठिवायचो."

कोणी आलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्या दोन वर्षांत यादी मीच वाचत होतो. उपासना संपली की त्यांच्या भिंतीला लावलेली स्कूटर काढून मी घरी जेवायला जायचो.

चेन बसली. मामांनी काळी बोटं खाकी पँटला पुसली.

"वेनी मातर मला शेवटाला चांगली जमाय लागली हुती," ते म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून पुढं निघाले.