पाव्हणे, आ करा बघू

परबदादा माणसांना "मेल्या" म्हणायचे आणि पाखरांना "अहो".

कोंबड्यांचे रोग तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत दादा सगळ्यांत जुने. मी नवा, घाटकोपरहून येणारा. रंगीत टीव्ही तेव्हा आमच्या चाळीत नुकता आला होता. हिवाळ्यात आम्ही दोघं मानखुर्दच्या खाडीवर जायचो. बाहेरदेशातून आलेली पाखरं जाळ्यात धरायची, पंखाखालून थेंबभर रक्त घ्यायचं, घशात कापसाची काडी फिरवायची आणि सोडून द्यायचं. त्यांना फ्लूची लागण झालीय का, ते यावरून कळायचं.

"मेल्या, धर नीट, मुंडी पिरगळशील!" हे मला. आणि मुठीतल्या इवल्याशा तुतवाराला, आवाज एकदम मऊ करून, "अहो पाव्हणे, आ करा बघू. झालं हां, झालं. एवढ्या लांबून आलात, त्यात आमचा त्रास."

एकदा पाव्हणे थेट दादांच्या पांढऱ्या शर्टावर शिटले. मी फस्सकन हसलो.

"हसतोस काय? आहेर केला त्यांनी!"

त्या वर्षी खाडीजवळच्या म्हात्रेंच्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या. म्हात्रे खवळले. "ह्याच पाखरांनी साथ आणली! सुतळी बॉम्ब आणून ठेवलेत. एकेकाला उडवून लावतो."

"आठ दिवस थांब," दादा म्हणाले. "रिपोर्ट येऊ दे. पाखरांचा दोष निघाला, तर पहिली वात मी पेटवतो."

आठ दिवस दादांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग रिपोर्ट आला. पाखरांत फ्लू नव्हता, दुसरं काहीच नव्हतं. म्हात्रेंच्या कोंबड्यांना राणीखेत हा साथीचा रोग झाला होता. बाजारातून नव्या कोंबड्या आणल्या, त्यांना लस द्यायची राहून गेली होती.

"उद्या टपालानं पाठवा," साहेब म्हणाले. दादांनी कागद उचलला, मला हाताला धरलं आणि भर दुपारी बस पकडली.

म्हात्रेंनी रिपोर्ट दोनदा वाचला. ओशाळून म्हणाले, "मग ह्या बॉम्बांचं काय करू?"

"पोरीच्या लग्नात लाव. मला बोलाव. आणि उरलेल्या कोंबड्यांना आजच लस दे!"

सगळे हसलो. परत येताना बसस्टॉपवर मी विचारलं, "दादा, टपालानं दोन दिवसांनी कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

दादा बाकावर टेकले.

"आमच्या हिच्या गळ्याला गाठ आलेली. सकाळीच रिपोर्ट हातात पडला, साधी गाठ. म्हटलं, संध्याकाळी घरी जाऊन सांगू. गेलो तर ही सकाळपासून उपाशी, देवासमोर बसलेली. पुढं बारा वर्षं सुखात गेली, मग वेगळ्याच दुखण्यानं गेली ती. पण तिचा तो एक दिवस मी फुकट घालवला रे."

बस आली. दादा उठले नाहीत. मीही बसून राहिलो. आम्ही पुढच्या बसनं गेलो.