शेवट कुणाला सांगू नका

साहेबांना घरी टीव्ही बघायला बोलवायचं, एवढंच नीळकंठराव उमाळकरांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. साहेबांच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली होती आणि रविवार दुपारच्या रहस्यमालेतल्या कथेचा दुसरा भाग बाकी होता. हवेलीतल्या म्हाताऱ्या ठाकूरला विष कुणी दिलं, यावरून त्यांच्या भोपाळच्या कारखान्याचं हजेरी बघणारं टाइम ऑफिस आठवडाभर काम सोडून भांडत होतं. नीळकंठराव म्हणत, डॉक्टर. सक्सेना साहेब म्हणत, मुनीम. (बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांहून वेगळं मत देण्याची ही पहिलीच खेप, आणि तीही खुनाच्या बाबतीत.)

खरी गोष्ट पोटात वेगळीच होती. साहेब क्वार्टर बदलून देणाऱ्या कमिटीवर होते. उमाळकरांचं क्वार्टर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी तिथवर चढायचं नाव घेत नसे. तीन उन्हाळे त्यांच्या पत्नी सिंधूताई खालून बादल्या वाहत होत्या. यंदा त्यांची कंबर धरली. त्या कंबर दाबत जिना चढताना दिसल्या की नीळकंठरावांना जेवण गोड लागत नसे. (बादली आपण उचलावी, हेही त्यांना सुचे, पण पाण्याची वेळ आणि ड्यूटीची वेळ नेमकी एक.) तळमजल्याचं एक क्वार्टर रिकामं होणार होतं. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता.

रविवारी साहेब मेमसाहेबांना घेऊन आले. साबुदाणा वडे झाले, कथा सुरू झाली, इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं, आणि त्याच क्षणी बाहेर लूचा तापलेला वारा सुटला. पडद्यावर ठाकूर, डॉक्टर, मुनीम सगळ्यांच्या मुंग्या झाल्या. नीळकंठराव अनवाणीच गच्चीवर धावले.

गच्चीवर सहा अँटेना होते आणि सहाही सारखे, कारण अख्ख्या ब्लॉकने ते सोसायटीच्या एकाच लॉटमधून घेतलेले. आपला कोणता, हे नीळकंठरावांना पायाखालची फरशी भाजत असताना काही केल्या आठवेना. त्यांनी समोरचा धरला आणि फिरवला. तोच खालून आवाज आला, "बस, बस. अब हिलना मत."

हिंदीत हुकूम, म्हणजे साहेबच. नीळकंठराव हलले नाहीत. मे महिन्याच्या उन्हात एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर, पण हात ढळू दिला नाही. मध्ये सिंधूताई जिन्याच्या दारात येऊन काही सांगू लागल्या. नीळकंठरावांनी तिथूनच त्यांना गप्प केलं. साहेबांचा हुकूम आहे, मला सगळं ठाऊक आहे, तू पाहुण्यांकडे बघ.

वीस मिनिटांनी ते खाली आले तर घरात कोणी नव्हतं. टीव्हीवर मुंग्या होत्या आणि बशीत अर्धा वडा.

सगळे तळमजल्यावर राहणाऱ्या दुबेजींकडे होते. तो हुकूम दुबेजींचा होता आणि अँटेनाही त्यांचाच. आपला टीव्ही एकाएकी लख्ख का दिसायला लागला, हे बघायला ते अंगणात आले होते. सिंधूताईंनी मग साहेबांना तिकडे नेलं, आणि साहेबांनीच नवऱ्याला गच्चीवर उभं केलंय अशी समजूत करून घेऊन स्वतःही बसल्या.

"मग खुनी कोण?" नीळकंठरावांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघून हसले. शेवट कुणाला सांगू नका, असं कार्यक्रमाच्या निवेदिकेने हात जोडून सांगितलं होतं, आणि साहेब नियमाचे पक्के. सिंधूताईंनीही रात्रीपर्यंत दाद दिली नाही. नीळकंठरावांनी आमटीत मीठ नसल्याची तक्रार केली, पेपर उलटा धरला, तीनदा उठून पाणी घेतलं. डॉक्टर निघाला असेल तर आपण साहेबांना हरवलं. मुनीम निघाला असेल तर अर्जाला बरं. कशाची आशा धरावी, तेच कळेना.

सोमवारी साहेबांनी अर्ज परत दिला. वर लिहिलं होतं, पाण्याची तक्रार उरलेली नाही.

"सर, पाणी?" नीळकंठराव चाचरले.

"मिसेस से पूछिए," साहेब म्हणाले.

घरी येऊन बघतात तो न्हाणीघरात पिंपं काठोकाठ भरलेली, आणि खालून दुबेजींच्या मोटरचा पाइप खिडकीतून आत आलेला. सिंधूताई पलंगावर आरामात पाय पसरून बसल्या होत्या. दुबेजींशी आपणच काल साहेबांसमोर ठरवलं, असं त्यांनी सांगितलं. रोज त्यांनी पाणी चढवायचं, आणि दर रविवारी यांनी अँटेना धरायचा. नीळकंठरावांना रागही आला आणि त्याहून जास्त बरं वाटलं, कारण सिंधूताईंची कंबर तीन वर्षांत पहिल्यांदा टेकली होती.

पुढच्या रविवारी ते चप्पल घालून, डोक्याला पंचा गुंडाळून गच्चीवर उभे राहिले. खाली दुबेजींकडे सक्सेना कुटुंबासकट अर्धा ब्लॉक जमला होता. नवी कथा सुरू झाली.

"अगं, डॉक्टर होता की मुनीम, एवढं तरी सांग," त्यांनी कठड्यावरून विचारलं.

"अहो, बोलू नका," खालून सिंधूताई म्हणाल्या, "तुम्ही बोललात की चित्र हलतं."