ओनुकींचा कचरा परगावी जातो

साठीनंतर माणसाला शहाणपण येतं, असं साठीनंतरचीच माणसं सांगत असतात. शिगेहारु ओनुकी सदुसष्टचे झाले तरी त्यांचं शहाणपण अजून वाटेतच होतं. हिनोसे नगरपालिकेच्या पाणी खात्यात अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर शिक्के मारले. शेवटच्या दिवशी फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले, तेव्हा उद्यापासून गावाच्या नळांना पाणी येणार नाही अशी त्यांची मनोमन खात्री होती. (आलं. उलट जरा जास्तच जोरात आलं.)

तर हा गृहस्थ एका सकाळी न्हाव्याकडे आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. हाताशी एक मासिक होतं. त्यात 'निजिकुमो' नावाच्या कंपनीवर लेख होता. ही कंपनी घराघरातला कचरा घेऊन त्यापासून विमानाचं इंधन बनवणार होती, आणि तिचा कारखाना बसने अर्ध्या तासावर, शेजारच्या मिनातोगाहारा गावात उभा राहत होता. लेखासोबत चित्र: निळं आभाळ, पांढरं विमान, खाली केळ्याचं साल. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हजार शेअर घेणाऱ्याला वर्षाकाठी 'कंपनीला साजेशी भेट' घरपोच मिळेल.

कंपन्या आपल्या भागधारकांना भेटी पाठवतात, हे ओनुकींना ठाऊक होतं. शेवयांची कंपनी शेवया पाठवते. साबणाची कंपनी साबण पाठवते. मग विमानाच्या इंधनाची कंपनी काय पाठवेल?

"विमानाची तिकिटं," ओनुकी आरशातल्या न्हाव्याला म्हणाले.

"बरोबर आहे साहेब," न्हावी म्हणाला. (तो सगळ्यांनाच बरोबर म्हणतो. त्याचे पैसे दाढीतच धरलेले असतात.)

झालं. अडतीस वर्षांत स्वतःच्या डोक्याने एकही निर्णय न घेतलेल्या माणसाने अर्ध्या हजामतीत निर्णय घेऊन टाकला.

आता पैसे कुठून आणायचे? पैसे होते. पोस्टात आठ लाख येन होते, आणि ते हवाई बेटांच्या सहलीचे होते. एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा हवाईला जायचं ठरलं होतं. पण मुख्य जलवाहिनी फुटली, साहेबांनी रजा रद्द केली, आणि नवराबायको दोन स्टेशनांपलीकडच्या गरम पाण्याच्या कुंडात एक रात्र डुंबून परत आले. त्यानंतर दर नववर्षाला ओनुकी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी खरोखरच आठ लाख बाजूला काढले, आणि त्यांची बायको फुसाए बाजारात जाऊन रुंद काठाची गवती हॅट घेऊन आली. ती हॅट घरातल्या बोळातल्या खुंटीवर दोन वर्षं लटकत होती. ओनुकी रोज तिच्याखालून वाकून जायचे.

त्यांचा हिशोब सोपा होता. आठ लाखांचे हजार शेअर घ्यायचे. तिकिटं फुकट येतील. हवाईला जायचं. परत येऊन शेअर विकायचे, पैसे पोस्टात. फुसाएला काही सांगायचं नाही, एकदम तिकिटंच पुढ्यात ठेवायची. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ते आपण सुरकुतलेल्या हाताने पुसू. (हे शेवटचं त्यांनी दोनदा मनात रंगवून पाहिलं.)

औषधांच्या खणात सहीऐवजी वापरायचा घराचा शिक्का डबीत ठेवलेला असे. तो त्यांनी घेतला, पोस्टात कागदावर मारला आणि डबीत परत ठेवला. शिक्का मारण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

त्या दिवसापासून ओनुकींना कचऱ्याचा लळा लागला. लोकांच्या घरासमोरून जाताना आता त्यांना बागा दिसेनात, पिशव्या दिसू लागल्या. कोपऱ्यावर कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली गल्लीचा कचरा ठेवतात, तिथे ते उगीच रेंगाळायचे. एकच दुःख होतं. गल्लीतली सर्वात बारकी पिशवी त्यांच्याच घराची असायची. फुसाए मुळ्याच्या पाल्याचं लोणचं घालायची, माशाच्या काट्यांचं सार करायची, चहाचा चोथा वाळवून बुटांच्या कपाटात ठेवायची. शेजारच्या निशिगाकीबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "पिशवी असावी तर ओनुकीवहिनींसारखी! तान्ह्या बाळाच्या उशीएवढी!"

ओनुकींना हे ऐकवेना.

"अगं, ती मुळ्याची सालं टाकून दे ना."

"का?"

"जुनी झालीत."

"आत्ता सोललीत मी. तुमच्यासमोर."

"तरी पण. जीवनसत्त्व गेलं असेल."

"अहो, ताप आहे का तुम्हाला?"

एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं. कारखाना उभा राहिला होता, चाचणीही सुरू झाली होती, पण एक किरकोळ अडचण होती. मिनातोगाहाराचे नागरिक अतिशय काटकसरी निघाले. चाचणीला कचरा कमी पडत होता.

ओनुकींनी पत्र दोनदा वाचलं. इकडे आपली कंपनी उपाशी, आणि तिकडे आपला कचरा जातो कुठे? हिनोसेच्या भट्टीत. त्या भट्टीच्या उष्णतेवर नगरपालिकेच्या तरणतलावाचं पाणी गरम होतं. आणि त्या पाण्यात रोज सकाळी कोण पोहतं? निशिगाकीबाई! म्हणजे आपल्या माशांच्या काट्यांवर निशिगाकीबाई शेकून निघतात आणि आपली विमानं जमिनीवर बसून राहतात!

पुढच्या मंगळवारी ओनुकी फुसाएला म्हणाले, "कचरा मी ठेवून येतो."

फुसाएच्या हातातलं झाकण खाली पडलं. लग्नापासून या माणसाने कचरा उचलला नव्हता. घरकामातला त्याचा वाटा एकच. हिनोसेत प्रत्येक पिशवीवर घरमालकाचं नाव लिहायचा नियम आहे, आणि अक्षर सुंदर म्हणून नाव घालायचं काम ओनुकींचं. ते जाड पेनने, वेळ घेऊन, नाव, गल्ली आणि घर क्रमांक लिहायचे. जागा उरली तर फोन नंबरही.

त्या मंगळवारीही त्यांनी लिहिलं. मग जांभळ्या चौकोनी कापडात पिशवी बांधली, कोट-टाय चढवला आणि सहा चाळीसची बस पकडून मिनातोगाहाराला गेले. बसथांब्याच्या बाकावर बसून त्यांनी सहा केळी खाल्ली, कारण पिशवी फारच हलकी होती आणि चित्रात केळंच दाखवलं होतं. मग पहिल्या जाळीखाली पिशवी सारली आणि कपाळावर बलिदानाचं तेज घेऊन घरी परतले.

असे तीन मंगळवार गेले. चौथ्याच्या आदल्या दिवशी निशिगाकीबाई कुंपणावरून वाकल्या.

"वहिनी, सांगू की नको असं होतंय."

"सांगूनच टाका. नाहीतर तुम्हाला झोप यायची नाही."

"ओनुकीसाहेब दर मंगळवारी सकाळच्या बसला असतात. टाय लावून. हातात जांभळं गाठोडं असतं, आणि ते असं छातीशी धरलेलं..."

"बस कुठली?"

"मिनातोगाहाराची."

फुसाएने मुळा किसायला घेतला आणि किसतच राहिली. त्या संध्याकाळी तिघांना पुरेल एवढा मुळा किसला गेला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, ओनुकी टाय बांधत असताना, दारात एक छोटी पांढरी गाडी थांबली. पन्नाशीच्या एक नीटनेटक्या बाई उतरल्या आणि कमरेत पूर्ण वाकल्या.

"मी कामेतानी. मिनातोगाहाराहून आले. हे ओनुकीसाहेबांचंच घर ना? पत्ता फार सुंदर अक्षरात होता, त्यामुळे लगेच सापडलं."

फुसाएही वाकली. वाकलेली असतानाच म्हणाली, "आमचे यजमान तुम्हाला पत्ता देऊन आले?"

"तीनदा. फोन नंबरसुद्धा."

"अस्सं."

"मी कोणालाही काही बोलले नाही हो. म्हटलं, मोठ्या वयाचे गृहस्थ आहेत, स्वतःहून येतील आणि घेऊन जातील. तीन आठवडे माझ्या पडवीत ठेवलं सगळं. पण आता उन्हाळा लागला. वास..."

"कसला वास?"

कामेतानीबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर तीन पिशव्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. प्रत्येकीला पट्टा लावला होता. प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात: शिगेहारु ओनुकी, तिसरी गल्ली, घर क्रमांक बारा.

"आमच्या गावात गुलाबी पिशवी लागते," कामेतानीबाई अपराधी आवाजात म्हणाल्या. "यांच्या हिरव्या होत्या, म्हणून गाडीवाल्यांनी नाकारल्या. या महिन्यात जाळीवर देखरेखीची पाळी माझी आहे, तर नियमाप्रमाणे उघडून बघावं लागलं. माफ करा. दुसऱ्या पिशवीत जळाऊ कचऱ्यात बाटलीचं झाकण आलं होतं. ते मी धुऊन वेगळं ठेवलंय." आणि त्यांनी एका कागदी पुडीत बांधलेलं झाकण आणि वर भेट म्हणून गोड पावाचा डबा पुढे केला.

फुसाएने दोन्ही घेतलं. मग मागे वळून बघितलं. बोळात, हॅटच्या बरोबर खाली, अर्धा बांधलेला टाय धरून ओनुकी उभे होते.

"कचरा?" ती म्हणाली.

"हो, म्हणजे त्याचं असं आहे..."

"मला वाटलं बाई आहे."

"छे छे! शपथेवर सांगतो!"

"बाई असती तर निदान चारचौघांत सांगता आली असती. सत्तरीकडे झुकलात, जरा कौतुकही झालं असतं. हे मी कोणाला कसं सांगू? माझा नवरा परगावी जाऊन गुपचूप केळ्याची सालं ठेवतो म्हणून?"

(कुंपणापलीकडे निशिगाकीबाईंनी तो प्रश्न तेवढ्यात सोडवला होता. त्यांच्या हातात फोन होता.)

कामेतानीबाई गेल्यावर ओनुकींनी सगळं कबूल केलं. मासिक, न्हावी, आठ लाख, शिक्का.

"शिक्क्याचं मला माहीत आहे," फुसाए म्हणाली. "डबीत उलटा ठेवलात तुम्ही. पोस्टाचं पासबुकही बघून आले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, कदाचित गुपचूप तिकिटंच काढली असतील."

ओनुकी अडतीस वर्षं साहेबांसमोर मान खाली घालत आले होते. तीच मान त्या दिवशी पहिल्यांदा आपोआप खाली गेली.

"तिकिटं येणारच आहेत," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "जूनमध्ये. भेट म्हणून. तू फक्त जूनपर्यंत थांब."

"एक्केचाळीस वर्षं थांबले. जून काय मोठा."

जून आला तोवर चाचणी लांबणीवर पडली होती आणि शेअर निम्म्यावर आला होता, पण ओनुकींनी तिकडे बघणंच सोडलं होतं. ते टपालाकडे बघायचे. एका दुपारी पाकीट आलं. वर निळं आभाळ, पांढरं विमान. त्यांनी ते दोन्ही हातांनी फुसाएसमोर ठेवलं आणि रुमाल काढून तयार ठेवला, डोळे पुसायला.

फुसाएने पाकीट फाडलं. आतून गुलाबी गुंडाळी निघाली. पन्नास पिशव्या. प्रत्येकीवर छापलेलं: मिनातोगाहारा, जळाऊ कचरा. सोबत अध्यक्षांचं पत्र होतं: आमच्या इंधनाची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून होते.

रुमाल शेवटी ओनुकींनीच वापरला.

"या आपल्याकडे चालत नाहीत," फुसाए म्हणाली.

"माहीत आहे."

"टाकायच्या म्हटल्या तरी आपल्या पिशवीत घालून टाकाव्या लागतील."

"माहीत आहे म्हटलं ना."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या पिंपाखालून बिस्किटांचा एक जुना डबा काढून आणला. डब्यात नोटा होत्या, वर्षावर्षाच्या, रबराने बांधलेल्या. हवाईच्या आश्वासनावरचा विश्वास तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडला होता. हा डबाही त्याच वर्षीचा.

ओनुकींचा चेहरा उजळला. "अगं! म्हणजे आपण जाऊ शकतो!"

"आपण नाही. मी आणि निशिगाकीबाई. त्यांना पोहता येतं."

"आणि मी?"

फुसाएने दाराकडे बोट दाखवलं. दारावर पाळीची लाकडी पाटी लटकत होती. जुलैभर कोपऱ्यावरची जाळी, झाडू आणि गल्लीच्या पिशव्यांची तपासणी, घर क्रमांक बाराकडे.

"तुम्हाला आवड आहे," ती म्हणाली आणि खुंटीवरची हॅट काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा ओनुकी बोळातून सरळ चालत गेले.

जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी जाळी गुंडाळून ओनुकी घरी आले, तर पेटीत पोस्टकार्ड होतं. एका बाजूला समुद्र. दुसऱ्या बाजूला फुसाएचं बारीक अक्षर:

'सुखरूप पोहोचलो. विमान सुटताना घोषणा झाली की आजच्या इंधनात काही भाग घरोघरच्या कचऱ्यापासून बनवलेला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एकदम तुमची आठवण आली. कुठल्या कंपनीचं, ते मुद्दाम विचारून घेतलं. तुमची नाही.

ता. क. या कार्डावर चकचकीत थर आहे. वाचून झालं की कागदाच्या रद्दीत टाकू नका, जळाऊमध्ये टाका. हिरव्या पिशवीत.'