आईला कोरड्यावर बुडवल्याची गोष्ट

"आईच्या विम्याचं मी बघतो," असं मी म्हणालो तेव्हा आई आणि ताई, दोघींपैकी कुणीच हरकत घेतली नाही. घेतली असती तर आज मला गल्लीतून मान खाली घालून जावं लागलं नसतं.

मी नुकताच परदेशात शिकून परत आलोय. ग्राहकांचे हक्क हा माझा विषय. तिकडेच राहून नोकरी करता आली असती, पण आपल्या माणसांना जागं करायचं असं मी येताना विमानातच ठरवलं. (शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांपासून सुरुवातही केली. जेवण झाल्यावर ते मागच्या रांगेत जाऊन बसले.) आल्याबरोबर वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी ग्राहक सल्ला केंद्र काढलं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि 'सही करण्यापूर्वी विचारा' अशी पाटी. लोक येतात. झेरॉक्स होईल का असं विचारतात आणि जातात.

त्यामुळे पहिला खराखुरा ग्राहक घरातच मिळाला तेव्हा मी भलताच हुरळलो.

आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. समुद्राच्या तळाशी प्रवाळ कसं वाढतं, त्यात कुठले मासे राहतात, हे तिने मुलांना भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून आयुष्यभर सांगितलं आणि स्वतः मात्र कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर तिने एकच इच्छा बोलून दाखवली. पाठीवर हवेची टाकी घेऊन एकदा खाली जायचं आणि ते सगळं जिवंत बघायचं. बोलून दाखवली म्हणजे मला आणि ताईला. बाबांना नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे आणि पाण्याशी उभं वैर आहे. ते अंघोळदेखील स्टुलावर बसून, एका हाताने नळ धरून करतात. लहानपणी आम्ही तळ्यात पायडलची बोट घेतली होती, तेव्हा ते काठाकाठाने आमच्याबरोबर चालत होते आणि दर थोड्या वेळाने "बास, आता फिरा" म्हणत होते. अशा माणसाला बायकोने समुद्राच्या तळाशी जाते म्हणून सांगायचं कसं? म्हणून आई वर्षभर मैत्रिणीकडे शिवण शिकायला जाते असं सांगून पोहायला जात होती. परत येताना केस ओले असायचे. बाबांनी कधी विचारलं नाही. पुरुषांचं लक्षच नसतं, असं ताईचं मत.

आता पुढची पायरी होती. पोहण्याच्या तलावावरच्या सरांची डायविंगची एक तुकडी निघणार होती, पण त्यांचा नियम पक्का होता. आधी विमा, मग बोट.

"पॉलिसी हातात आली की यांना सांगेन," आई म्हणाली. "काही झालंच तर सगळी सोय आहे म्हटल्यावर नाही कसे म्हणतील? पण तोवर त्यांच्या कानावर अक्षर जाता कामा नये. एकदा नाही म्हणाले ना, की मग संपलंच."

मी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

डायविंगचा विमा हे प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. साध्या प्रवासविम्यात हा प्रकार बऱ्याचदा बसतच नाही, किंवा एका ठरावीक खोलीपर्यंतच बसतो. म्हणजे एखादा मासा आवडला आणि त्याच्यामागे दोन हात जास्त खाली गेलात, की विमा वरच थांबतो आणि तुम्ही एकटे पुढे जाता. शिवाय खोलवरून घाईने वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. मग माणसाला दाब असलेल्या चेंबरमध्ये ठेवावं लागतं. असं चेंबर काही कोपऱ्याकोपऱ्यावर नसतं. तिथपर्यंत नेणार कोण, हाच खरा प्रश्न.

मी चार कंपन्या निवडल्या, चौघींकडे आईची माहिती भरून दरपत्रकं मागवली. (मी माहिती खोटी भरत नाही. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, तर पतीला. फोन, दुकानाचा. पत्ता, घरचा.) चौघींची आश्वासनं सारखीच निघाली. चेंबरचा खर्च, हेलिकॉप्टर, चोवीस तास मदत. कागदावर डावंउजवं करायला जागाच नव्हती.

अशा वेळी करायची चाचणी आम्हाला तिकडे शिकवली होती. विमा घेताना सगळेच गोड बोलतात, म्हणून विमा मागून बघायचा. आम्ही वर्गात अपघात झाल्यासारखे फोन करायचो आणि पलीकडचा काय करतो ते तपासायचो. पलीकडे वर्गातलाच मित्र असायचा. हा फरक त्या सकाळी माझ्या लक्षात आला नाही.

आई पोहायला गेली होती, ताई कामावर, बाबा दुकानात. मी पाण्याचा ग्लास भरून घेतला, घसा साफ केला आणि पहिल्या कंपनीला आईचा अपघात कळवला.

तिथे बराच वेळ सतार वाजली. मग एक गृहस्थ आले आणि आईची चौकशी करण्याआधी आमच्याकडे गाडी आहे का, तिचा विमा कधी संपतो, हे विचारू लागले. दुसऱ्या कंपनीने सगळं ऐकून घेतलं आणि कामाच्या वेळेत अर्ज पाठवायला सांगितला, खाली अपघातग्रस्त व्यक्तीची सही हवी म्हणून बजावलं. मी मनातल्या मनात दोघांनाही नापास केलं. आपण किती मोठं लोककार्य करतोय या जाणिवेने मला भरून आलं होतं.

तिसऱ्या कंपनीत एका बाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

त्यांनी आईचं नाव विचारून माहिती काढली आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. किती खोल गेल्या होत्या, वर येताना मध्ये थांबल्या का, हातापायांना मुंग्या आहेत का, ऑक्सिजन लावलाय का. इतके नेमके प्रश्न ऐकून मी भारावून गेलो आणि उत्तरंही तशीच देऊ लागलो. घाईने वर आली, म्हणालो. मुंग्या आहेत. गरगरतंय. (गरगरायला मलाच लागलं होतं.)

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "फोन त्यांच्या कानाला लावा, मला त्यांच्याशी बोलायचंय."

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत फ्रीज होता, कपाट होतं, इस्त्रीचं टेबल होतं. कान असलेलं असं कुणीच नव्हतं. मी फोन कापला.

कापताना मला वाटलं, चाचणी संपली. बाईंना वाटलं, पेशंट संपला.

त्यांनी ताबडतोब बाबांच्या दुकानात फोन लावला. बाबा तेव्हा एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम होती, तिच्यात काचा घातलेल्या, आणि ते भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होते. तेवढ्यात बाबांना कळलं, की त्यांची बायको समुद्रातून घाईने वर आली आहे, मुलाचा फोन तुटला आहे आणि कंपनी सगळी व्यवस्था करते आहे. बाबांनी आईला फोन लावला. तो तलावावरच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. मला लावला. मी बोलत होतो.

मी चौथ्या कंपनीशी बोलत होतो. तिथला माणूस फार सावकाश होता. मी काहीही सांगितलं तरी "बरं, मग?" म्हणायचा. तिसरीच्या मानाने याला जरा हलवायला हवं, या सद्हेतूने मी आईची प्रकृती बिघडवत नेली. बाबा धावत जिना चढून दारात आले तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ होती.

"अहो, ओठ निळे पडलेत तिचे," मी कळवळून सांगत होतो. "हाक मारली तर ओ देत नाही."

मागे काहीतरी धप्पकन खाली बसल्याचा आवाज आला.

वळून पाहिलं तर बाबा उंबऱ्यात बसले होते. मांडीवर एक खोकं घट्ट धरलेलं. त्यांच्यामागे भिंतीला धरून, नाकावर तपासणीची फ्रेम तशीच ठेवून, ते गिऱ्हाईक उभं होतं. (त्यांचा स्वतःचा चष्मा बाबांच्या खिशात राहिला होता. त्याच्याशिवाय दिसत नसल्यामुळे बिचारे बाबांच्या शर्टाचा रंग धरून मागोमाग आले होते.)

बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पुन्हा बघायचीही इच्छा नाही. मी "बाबा, अहो, तसं नाही," एवढं म्हणालो आणि फोनवरचा माणूस म्हणाला, "बरं, मग?"

आणि तेवढ्यात आई आली. पिशवी खांद्याला, केसांतून पाणी गळतंय.

बाबांनी तिच्या केसांकडे पाहिलं. "इतक्यात घरी आणलीसुद्धा?" ते पुटपुटले. कंपनीवर त्यांचा केवढा विश्वास बसला होता ते तेव्हा कळलं.

आईला आधी काहीच समजेना. मी खरं काय ते तुटक तुटक सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. वर्गात जे इतकं शहाणपणाचं वाटायचं ते आमच्या उंबऱ्यात, बाबा खाली बसलेले असताना, निव्वळ मूर्खपणाचं वाटत होतं. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की पोहणं, समुद्र, टाकी, प्रवाळ, बाबांच्या कानावर जायला नको होतं ते सगळंच मी एका दमात सांगून टाकलं आहे. आई भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. ते आता नाही म्हणणार आणि सगळं संपणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाबांनी हातातलं खोकं उघडलं. आत पाण्याखाली घालायचा मास्क होता.

"तुझ्या नंबरच्या काचा बसवल्यात," ते म्हणाले. "डाव्या काचेचं थोडं काम राहिलंय, म्हणून दिला नव्हता. वाटलं, तू तशीच गेलीस. अगं, चष्म्याशिवाय तुला खाली काय दिसणार होतं? पुढ्यातला मासा दिसला नसता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शिवणकामाला क्लोरीनचा वास येतो होय?"

आई त्यांच्या शेजारी उंबऱ्यातच बसली, चष्मा काढून तिने मास्क डोळ्यांना लावला आणि बाबांकडे बघत राहिली. मी तिथून निघून जावं हे मला कळत होतं, पण दार त्या दोघांनी अडवलं होतं. गिऱ्हाईकही अवघडलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "उजवीकडची काच बरी वाटतेय हं. फिरलो ना जरा, म्हणून कळलं."

मग सायरन वाजला.

तिसऱ्या कंपनीच्या बाईंनी घरच्या पत्त्यावर रुग्णवाहिका पाठवली होती, दुसरा पत्ता त्यांच्याकडे नव्हताच. सगळी गल्ली खाली उतरली. दोन माणसं ऑक्सिजन घेऊन वर आली, कोण बुडालंय म्हणून विचारू लागली. आईने मास्क वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. मागोमाग बाईंचा फोन आला. मी खरं सांगून माफी मागितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई ठीक आहेत ना? मग छान," त्या म्हणाल्या. थोड्या थांबल्या. "तुमच्याकडे आलेली गाडी आता दुसऱ्या कुणाला लागली असती तर?"

मी खाली जाऊन गर्दीतून गाडीला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पहिल्यांदाच गर्दी झाली. सगळे आईच्या प्रकृतीची चौकशी करायला आले होते. संध्याकाळी मी आईपुढे उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. ती मास्कचा पट्टा घट्ट करत होती.

"एका सकाळीत चार वेळा बुडवलंस मला," ती म्हणाली. "मी अजून समुद्रात पाऊल नाही टाकलेलं."

विमा अर्थात तिसऱ्या कंपनीचाच घेतला. (म्हणजे माझी चाचणी बरोबर ठरली, असं मी ताईला म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणणार नाही.) बाबांनीसुद्धा घेतला. ते पाण्यात उतरणार नव्हते, फक्त बोटीत बसणार होते, पण त्यांच्या दृष्टीने धोका तेवढाच होता. मीही अर्ज केला. त्यावर बाईंचा स्वतः फोन आला. त्या फार अदबीने बोलल्या. सध्या आम्हाला तुमचा विमा उतरवता येणार नाही, म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर जमिनीवरचासुद्धा नको.

आई समुद्रात उतरली त्या दिवशी बाबा बोटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाण्यावरचे बुडबुडे मोजत होते. सरांनी आईच्या पाठोपाठ उडी मारली होती. ताई बाबांची पाठ थोपटत होती. माझ्याकडे सगळ्यांच्या चपला आणि आईचा चष्मा सांभाळायचं काम होतं. लाटा मोठ्या नव्हत्या असं सगळे सांगतात. मी मात्र सकाळचं सगळं खाणं पाण्यात सोडलं, आणि मग बोटीच्या तळाशी, चपलांच्या शेजारी, आडवा झालो.

आई वर आली. किती तरी वेळ ती नुसतीच हसत होती. बाबांनी तिला हात दिला. कठड्यावरचा एक हात त्यांनी त्या दिवसात पहिल्यांदाच सोडला. ती म्हणाली, तक्त्यावरचे रंग सगळे चुकीचे होते, इतकी वर्षं मुलांना खोटंच शिकवलं.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिसऱ्या कंपनीच्या बाई होत्या. सगळे सुखरूप आहेत ना, एवढंच विचारायला त्यांनी केला होता.

"हो हो, आम्ही दोघंही मजेत," आई म्हणाली. मग तिचं लक्ष खाली माझ्याकडे गेलं. "एकाची तब्येत जरा बिघडलीय. पण तो तुमच्याकडचा नाही."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो मला बोटीच्या तळाशीसुद्धा स्पष्ट ऐकू आला.