मेश्राम काकांचा होमवर्क

मेश्राम काका सभेला आले की आधी खुर्चीवर आपले दोन्ही हात ठेवायचे आणि मग त्या हातांवर बसायचे. सभा संपेपर्यंत तसेच. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा गारठला असेल. कॅनडातल्या मिसिसागातला फेब्रुवारी होता आणि लायब्ररीच्या मीटिंग रूममधलं हीटिंग यथातथाच. मी भाबडेपणाने माझे ग्लव्हज पुढे केले.

"थंडी नाही वाजून राहिली, मॅडम," काका म्हणाले. "हात बांधून ठेवले मी. मोकळे सोडले का कामाला लागतात."

हे कामाला लागणं काय असतं ते मला ठाऊक होतं, कारण काका आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. अर्धी नोकरी नागपूरकडच्या वीज केंद्रात मेन्टेनन्सला आणि उरलेली अर्धी इकडे वॉन गावच्या एका वेअरहाउसमध्ये, तीही मेन्टेनन्सलाच. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले आणि परत गेले तोवर किचनमधल्या तीन कपाटांच्या मुठी घट्ट झाल्या होत्या, वॉशरूमचं दार कुरकुरायचं थांबलं होतं आणि माझा नवरा कोपऱ्यात चोरासारखा उभा होता. त्या मुठी तो दोन वर्षं 'या वीकेंडला' घट्ट करणार होता.

घरात काका आणि काकू, दोघंच. मुलगा सुगत वॉनला, गाडीने चाळीस मिनिटांवर. पण यायचा वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये जयंतीला आणि ख्रिसमसच्या सुट्टीत. आला तरी अंगातलं जॅकेट न काढता सोफ्याच्या कडेवर बसायचा आणि चहा पिऊन निघायचा. काका त्याच्याबद्दल कधी तक्रार करत नसत. फक्त आमच्या रस्त्यावर एखादी निळी गाडी वळली की बोलता बोलता थांबायचे, ती पुढे निघून गेली की मग वाक्य पुरं करायचे. सुगतची गाडी निळी होती.

आता त्या सभेबद्दल सांगते. आमच्या भागातल्या दोन उंच इमारती आणि आमची टाउनहाउसं मिळून रहिवाशांचा एक गट होता. गट म्हणजे खरं तर एकटे काका. खुर्च्या मांडायचे काका, पत्रं लिहायचे काका, सिटीला, म्हणजे इथल्या महापालिकेला, फोन करायचे काका, आणि सभेत हात वर करायचे आम्ही. मग एका हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नासाठी काका दोन महिने नागपूरला गेले. परत आले तेव्हा गट उरलाच नव्हता. भांडण नाही, तंटा नाही, नुसता विरून गेला होता. खुर्च्यांच्या कपाटाची किल्ली काकांच्या खिशातून नागपूरला गेली होती. लोकांनी एक सभा उभ्याने घेतली, दुसरीला कुणी आलंच नाही.

दुसरा कुणी असता तर 'माझ्यावाचून पान हलत नाही' म्हणून त्याने कॉलर ताठ केली असती. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लायब्ररीची खोली दर शनिवारी सकाळी मागून घेतली आणि दारावर इंग्रजीत कागद लावला, 'सक्रिय रहिवाशांसाठी ट्रेनिंग'. सभा कशी चालवावी, मिनिट्स कशी लिहावीत, अर्ज कसा करावा, सिटीच्या कमिटीपुढे कसं बोलावं, असं सगळं त्यात होतं. ट्रेनिंगचा नियम एकच. काका तो प्रत्येक शनिवारी ऐकवायचे.

"जाणणारा बसला का शिकणारा उठते."

म्हणून ते हात आणि ती खुर्ची.

पहिल्याच शनिवारी काकांनी मला कॉफीच्या मोठ्या पिंपाशी उभं केलं. चाळीस माणसांची कॉफी. मी आत पाणी ओतलं आणि त्याच पाण्यात कॉफी पावडरही ओतली. पावडरीसाठी आत एक जाळीची टोपली असते, ती तिथेच टेबलावर माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी चाळीस लोकांनी कॉफी चावून चावून प्यायली.

"काका, तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसून राहिलं होतं नं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही एक दिवस टोपली ठेवली असती. आता जन्मभर ठेवणार."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि मी पुण्याची असल्याने तेच काम पगाराशिवायही करते. माझी चूक कुणीतरी मुकाट्याने बघत बसावं हे मला सोसेना. पण ते काकांनाही सोसत नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. कुणी फ्लिप चार्टवर वाकडंतिकडं लिहायला लागलं की त्यांचा उजवा पाय सुरू व्हायचा. शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखा टकटक टकटक. कपाळावर घाम यायचा. हात मात्र खालून निघायचे नाहीत.

त्या ट्रेनिंगमधून सगळ्यात पुढे गेल्या जसविंदर आंटी. पाचव्या मजल्यावर राहायच्या, बेकरीत रात्रपाळी करायच्या, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की चुन्नीचं टोक चावायच्या. आमचा बसस्टॉप उघड्यावर होता. आडोसा नाही, बाक नाही. सिटीच्या कमिटीपुढे त्याबद्दल बोलायला पाच मिनिटं मिळाली, आणि काकांनी आंटींचंच नाव दिलं.

"काका, वाट लागेल," मी म्हटलं. "मी बोलते ना."

"तुम्ही चांगलंच बोलाल. त्यात शिकलं कोण?"

प्रत्यक्ष दिवशी आंटींनी एकदम दोन पानं उलटली आणि भाषणाची गाडी बाक सोडून थेट आभारावर गेली. गप्प झाल्या. त्यांचं हरवलेलं वाक्य काकांना पाठ होतं, मलाही पाठ होतं. माझ्या शेजारची खुर्ची काकांच्या पायाने हादरत होती. मग आंटींनी कागदच बाजूला ठेवला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "आय स्टँड देअर, सर. फॉर्टी मिनिट. स्नो इन माय शू. यू कम वन डे, स्टँड विथ मी."

कमिटीतल्या एका बाईंनी खरोखरच विचारलं, कुठल्या दिवशी येऊ? पुढच्या थंडीआधी आडोसा उभा राहिला, बाकासकट.

त्यानंतर आंटींची भीड चेपली ती कायमचीच. आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी काकांनी आम्हाला होमवर्क दिला. "या आठवड्यात घरी एक काम दुसऱ्याले करू द्या. जे तुम्हाले जास्त चांगलं येते तेच काम. तुम्ही फक्त हातांवर बसा. दुरुस्त करायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पुढच्या शनिवारी रिपोर्ट."

मी नवऱ्याला डिशवॉशर भरू दिला. त्याने कढई उताणी ठेवली, वाट्या एकीत एक घातल्या, आणि लाकडी डाव, जो डिशवॉशरमध्ये घालायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, तो मधोमध उभा केला. मी स्टुलावर हातांवर बसून होते. वीस मिनिटं. संसारात एवढा मोठा त्याग मी आधी केला नव्हता. जसविंदर आंटींनी सुनेला सरसोंचा साग करू दिला होता. "नमक डबल था," त्यांनी रिपोर्ट दिला. "मैंने दो बार लिया. बहू रो पड़ी."

सगळ्यांचं सांगून झालं. काका खूश होऊन खुर्च्या आवरायला सांगणार, एवढ्यात आंटी म्हणाल्या, "भाईसाब, आपका होमवर्क?"

हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. मास्तरांना कुणी होमवर्क विचारतं का?

काकांनी हात खालून काढून मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले. "हमारा तो रह गया, जी," ते शेवटी म्हणाले. मग उठून त्यांनी खुर्च्या स्वतःच उचलायला सुरुवात केली. नियम मोडला होता, पण त्यांना थांबवायचा धीर कुणाला झाला नाही.

मी संध्याकाळी काकूंकडे गेले. त्या सांबारवड्या तळत होत्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी विषय काढला तर त्यांनी गॅस बारीक केला.

"सुगत आठवीत होता," त्या म्हणाल्या. "सायन्स फेअरसाठी आइसक्रीमच्या काड्यांचा पूल करून राहिला होता. तीन आठवडे लागून होता. जरा तिरपा झाला होता बिचारा. रविवारी पोरगा पोहायच्या क्लासला गेला, तेवढ्यात यांनी तो पूल सोडवून सरळ करून ठेवला. प्रेमानंच केलं हो. पहिला नंबर आला त्या पुलाले. पोरानं ती रिबन कचऱ्यात टाकली. यांनी स्वतः पाहिली तिथं."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून त्यानं यांच्यासमोर साधा खिळा ठोकला नाही. आता घर झालं त्याचं. नळ गळते तर प्लंबर बोलावते. बाप कसा आहे तुम्हाले माहीत आहे. त्याच्या पोराच्या घरी प्लंबर!"

मला एकदम काकांच्या त्या हातांची फार दया आली. सगळ्या गावाचं दुरुस्त करणारे हात, आणि एकच गोष्ट त्यांना दुरुस्त करता येत नव्हती. ती त्यांनीच दुरुस्त करून बिघडवली होती.

नोव्हेंबर उजाडला. दरवर्षी आमच्या रस्त्यावर सगळ्यात आधी बर्फासाठीचे विंटर टायर चढायचे ते काकांच्या गाडीला. त्या वर्षी सगळ्यांच्या गाड्यांना चढले, काकांचे टायर गराजमध्येच रचलेले. मी विचारलं तर म्हणाले, "बघू." काकू मात्र कुंपणापलीकडून हळूच सांगून गेल्या, "सुगतले फोन केला यांनी. म्हणे, मले टायर बदलवणं जमून नाही राहिलं, येशील का? जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले."

रविवारी सकाळी निळी गाडी वळली, आणि या खेपेला पुढे गेली नाही.

मी माझ्या ड्राइव्हवेवर वाळकी पानं कागदी पिशव्यांत भरत होते. खरं सांगायचं तर एवढी पानं पडलीच नव्हती, मी आधी भरलेली एक पिशवी पुन्हा रिकामी केली होती. सुगत जॅक लावून चाकाशी बसला. काका उतरवलेल्या टायरवर बसले, हात खाली घेऊन, ग्लव्हजशिवाय.

चाकाचे नट ओळीने गोल गोल आवळायचे नसतात. एक इकडचा, मग समोरचा, असे आवळायचे, नाहीतर चाक तिरपं बसतं. हे मलासुद्धा माहीत आहे, काकांनीच शिकवलंय. सुगत गोल आवळत निघाला. एक, दोन, तीन. काकांचा पाय सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी केविलवाणी नजर मी माणसाची पाहिली नव्हती. माझीही जीभ वळवळत होती. मी मूठभर पानं उचलली आणि पिशवीत कोंबली.

पहिलं चाक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला सुगत थांबला. त्याने चाक हलवून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. "धिस इज नॉट सिटिंग राइट," तो स्वतःशीच पुटपुटला. मग वळून म्हणाला, "बाबा, क्रॉस करायचं असतं का?"

काकांचा पाय थांबला. "तुले काय वाटते?"

सुगत बघतच राहिला. मग हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, अगदी काकूंसारखा दिसला. त्याने सगळे नट सैल केले, ते चाक पुन्हा बसवलं, मग जॅक घेऊन पहिल्या चाकाशी परत गेला आणि तिथून सगळं पुन्हा केलं. तासभर लागला. काकांनी केलं असतं तर वीस मिनिटांत झालं असतं. शेवटच्या चाकाशी तो पाना पुढे करून म्हणाला, "लास्ट वन तुम्ही करा, बाबा."

काकांनी हात काढले. पांढरेफटक पडले होते, आणि दोन्ही तळव्यांवर टायरची नक्षी उमटली होती. पाना त्यांच्या बोटांतून खाली पडला. बोटं मिटेचनात.

"बाबा! यू वर सिटिंग ऑन देम? होल टाइम?" सुगतने आपले ग्लव्हज काढून फेकले, बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागला. जोरजोरात, पोराला चोळतात तसे.

"सवय लावून राहिलो," काका म्हणाले.

"कसली?"

काकांनी त्याच्या हातांतल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझा तो पूल चांगला होता रे. तिरपा होता, पण उभा होता."

 मान खाली घालून सुगत हात चोळत राहिला. मला डोळे पुसायचे होते, पण हाताला माती होती, म्हणून मी तशीच पानं भरत राहिले.

दुपारी काकूंनी सांबारवड्यांची ताटली न्यायला हाक मारली. दारातच उभी राहिले, कारण आत जेवणं चालली होती. सुगतचं जॅकेट खुंटीवर होतं.