भाऊजींच्या वतीने धावताना

भाऊजींचा पाय मोडला तो कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन स्टुलावरून, कार्यालयीन फाइल काढताना. सगळं इतकं नियमात बसत होतं की रजा मिळायला काहीच अडचण नव्हती. पण त्याच आठवड्यात वजनमापे कार्यालयातली आजारपणाची रजा रद्द झाली होती.

त्याचं असं झालं. साहेबांनी सकाळच्या चहाबरोबर एक लेख वाचला. जोराचा व्यायाम केला की हाडांच्या आतल्या मूलपेशी रक्तात उतरतात आणि मूलपेशी शरीराची डागडुजी करतात, असं त्यात होतं. पुढचा मजकूर वर्गणीदारांसाठी राखीव होता आणि साहेब वर्गणीदार नव्हते. मग वाचलं तेवढ्यावरच धोरण ठरलं: डागडुजी ही ज्याची त्याची जबाबदारी. कार्यालयातल्या दवाखान्याच्या खोलीत धावण्याचं यंत्र आलं आणि तिथल्या डॉक्टरबाईंना पेशी मोजायला बसवलं.

मी भाऊजींना पाठुंगळी घेऊन साहेबांपुढे गेलो. मी त्यांचा मेव्हणा. मला तेव्हा नोकरी नव्हती, त्यामुळे घरातली सगळी ओझी माझ्याकडेच असत.

"रजा कशाला?" साहेब म्हणाले. "धावा. पेशी उतरतील, पाय जुळेल."

"पाय मोडलाय, साहेब. धावू कसा?" माझ्या पाठीवरून भाऊजी म्हणाले.

"आणि न धावता जुळेल कसा?"

खरं सांगतो, मला साहेबांचंच पटलं.

डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "पेशी वाढतात, पण थोड्या वेळापुरत्या. त्यानं मोडलेलं हाड जुळतं असं कुणी म्हटलंय? प्लास्टर घाला आणि पडू द्या की त्यांना!"

"हे लेखात कुठे आहे?"

"पुढे असेल."

"पुढचं आपल्याला लागू नाही," साहेब म्हणाले.

महिनाअखेर रक्तात पेशी दिसल्या नाहीत तर भाऊजींची नोकरी जाणार होती. ताई रडकुंडीला आली. शेवटी बडे कारकून मदतीला धावले, म्हणजे बसूनच. गैरहजर कर्मचाऱ्याला प्रतिनिधी नेमता येतो असा एक जुना नियम त्यांना सापडला. तो बाजारातली वजनं तपासण्यासाठी केलेला होता, पण 'धावणे वगळून' असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

"तू धाव रे बाबा," ताई म्हणाली. "तेवढंच तुझ्या हातून काहीतरी होईल."

मी धावू लागलो. यंत्रावरून उतरतो न उतरतो तोच डॉक्टरबाई सुई टोचायच्या, कारण जरा उशीर झाला की पेशी आल्या वाटेनं परत जातात. भाऊजी शेजारी बसून "पळ गाढवा, पळ!" म्हणायचे. घाम माझा, रक्त माझं, नाव त्यांचं. अहवाल इतका झकास आला की भाऊजी कागदोपत्री ठणठणीत झाले. ठणठणीत माणूस कुबड्या घेऊन फिरतो म्हणून लगेच त्यांना ढोंगीपणाची नोटीस मिळाली.

चौकशी बसली. एक भाऊजी धावतात आणि एक लंगडतात, असं तिच्यात निष्पन्न झालं. एका पदावर दोन माणसं ठेवायची सोय नव्हती.

"यातला खरा कोण?" साहेबांनी विचारलं.

बडे कारकून म्हणाले, "कर्मचाऱ्याचं नोंदलेलं रक्त ज्याच्या अंगात आहे तो."

"अहो, मी आहे ना हा समोर!" भाऊजी ओरडले. "उभा जन्म या खुर्चीत घालवलाय मी!"

"पुरावा?"

"याला विचारा! माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे हा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. समोर भाऊजींची खुर्ची होती, पंख्याखाली. माझे पाय भरून आले होते. मी म्हणालो, "यांना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय खरं."

यात खोटं एक अक्षर नाही. पाहिलं होतंच की!

भाऊजींचा पाय घरी प्लास्टरमध्ये पडून पडून जुळला, म्हणजे सरळसरळ धोरणाविरुद्ध. ते आता काम शोधत हिंडतात. ताईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. तुमचाही चेहरा तिच्यासारखाच झालेला दिसतोय. "शी, असा कसा हा माणूस!" असंच म्हणत असाल. बरं तर. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी ती खुर्ची सोडली असती, त्यांनी जरा उभं राहावं.

बघा, बसल्या जागेवरून कुणी हललंसुद्धा नाही.