सुईचा वर्ताळा

"दोन ग्रॅमसुद्धा नाही?" तात्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"एक पॉइंट आठ. बरोब्बर एक पॉइंट आठ!" त्यांचा मुलगा सलिल आनंदानं जवळजवळ नाचलाच.

रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या थाळीवर त्यानं इवलासा डिजिटल काटा ठेवला होता आणि काट्यावर प्लेअरची सुई टेकवली होती. सुईनं रेकॉर्डवर किती भार टाकायचा, हे मोजणं सकाळपासून चाललं होतं. वाऱ्यानं आकडा हलतो म्हणून पंखा बंद, आणि पंखा बंद म्हणून सगळे घामाघूम. पण कुणाची कुरकुर नव्हती. गोदूआत्यानं अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन गायलेल्या एकुलत्या एक गाण्याची एकुलती एक रेकॉर्ड आज वाजणार होती, आणि आत्या खास त्यासाठी मुरुडहून एसटीनं येत होती. लग्नानंतर तिनं ते ऐकलंच नव्हतं.

सलिल तिला आणायला स्टँडवर गेला. तात्या प्लेअरपाशी घुटमळले. त्यांचा उभा जन्म नागावात सुपारी तोलण्यात गेलेला. काटा गिऱ्हाइकाकडे झुकल्याशिवाय त्यांनी कधी पिशवी बांधली नाही, आणि वर मूठभर जादा, म्हणजे वर्ताळा, ठरलेला. नेमकं वजन देणं त्यांना कद्रूपणाचं वाटे. इथं तर सख्ख्या बहिणीचा मामला! भार वाढवायला सलिल सुईच्या दांडीमागचं गोल वजन पुढे फिरवतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनी ते केसभर पुढे सरकवलं आणि समाधानानं झोपाळ्यावर जाऊन बसले.

पाच वाजता ओटीवर सगळे जमले. सलिलनं रेकॉर्ड चढवली आणि हात वर करून सांगायला लागला, "आत्या, भार कमी पडला तर सुई उड्या मारते. जास्त झाला तर रेकॉर्ड खरवडून टाकते. मग गाणं गेलंच कायमचं! म्हणून मी मोजून..."

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुई खाली यायला लागली होती.

"थांब!" ते इतक्या जोरात ओरडले की आत्याच्या हातातला चहा सांडला.

"काय झालं तात्या?" सलिलनं सुई वरच्या वर उचलली.

"मी वर्ताळा घातलाय रे."

"कशात?"

"सुईत."

सलिलनं कपाळावर हात मारून घेतला. "तात्या, अहो ही सुपारी आहे का?"

"चुकलं माझं. गोदू, मी तुझ्या गाण्याची वाट लावली असती गं!"

इतक्यात सलिलची बायको निवेदिता काट्याबरोबर आलेला कागद वाचत पुढे आली. "सलिल, तू हे वाचलंस का? मोजताना काटा रेकॉर्डच्याच पातळीत हवा. तू चांगला बोटभर उंच ठेवला होतास. उंचावर आकडा जास्त दिसतो म्हणे."

सलिलनं तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. त्यानं थाळी काढली, काटा खाली नीट पातळीत बसवला आणि तात्यांनी सरकवलेल्या वजनाला हात न लावता सुई टेकवली. सगळे श्वास रोखून वाकले.

एक पॉइंट आठ.

"म्हणजे सकाळी कमीच होतं?" निवेदितानं विचारलं. सलिलनं मान डोलावली, थाळी परत बसवली आणि रेकॉर्ड लावली.

थोडी खरखर झाली आणि बावीस वर्षांची गोदू गायला लागली. आत्यानं तोंडावर पदर धरला. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. तात्याही डोळे पुसत होते.

गाणं संपल्यावर सलिलनं हळूच विचारलं, "तात्या, पण नेमका किती घातला होतात?"

"वेडा आहेस का?" तात्या म्हणाले. "बहिणीला कुणी मोजून देतं?"